ब्रह्मदेशच्या थिबा राजाच्या नावावर माझे 60,500 रुपये गेले. जुनं कपाट घेणार असाल तर वाचा

कपाटाचे 54,500, टेम्पोचे 3,800, वाळवीच्या 'ट्रीटमेंट'चे 2,200. एकूण 60,500. आकडा आधीच लिहून टाकते, कारण सगळे पहिलं तेच विचारतात आणि मग "एवढे दिलेत?" असा जो चेहरा करतात तो बघून मी कंटाळले आहे.

मी मार्चमधे रिटायर झाले. 31 वर्षं रत्नागिरीत ऑफिसात हिशेब तपासले, एक रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्यामुळे मला कोणी भोळी म्हणू नका. रिटायर झाले तेव्हा कॉलेजच्या चार मैत्रिणी घरी आल्या आणि त्यांनी जे दिलं ते बघून मी रडले. एस.वाय.ला असताना आम्ही सावंतवाडीचा राजवाडा बघायला गेलो होतो, तिथे गंजिफाचे पत्ते बघत मी किती वेळ उभी होते, घ्यायला पैसे नव्हते, हे एकीने एवढी वर्षं लक्षात ठेवलं आणि दशावतारी गंजिफाचा अख्खा डाव आणला, 120 गोल पत्ते, हाताने रंगवलेले, वर लाखेची चकाकी. गुहागरच्या मैत्रिणीने तिच्या आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी दिली, झाकणाचा टवका उडालेली. तिसरीने कापडी सारीपाट शिवला, कवड्यांसकट. आणि दापोलीचीने मी तिला लिहिलेली 22 इनलँड पत्रं दोऱ्याने शिवून वही करून दिली.

आता ह्या वस्तू स्टीलच्या रॅकवर ठेवायच्या? ह्यांचं म्हणणं तेच होतं, पण मला माहेरच्या माजघरात होतं तसं जुनं काचेचं कपाट हवं होतं. त्यात माझी काय चूक झाली ते अजून मला कळत नाही.

सोशल मीडियावर फोटो दिसला. अस्सल बर्मा सागवान, हायवेच्या रुंदीकरणात पाडलेल्या वाड्यातलं, 68,000. फोन केला तर अगदी गोड बोलणं, काकू काकू करत. म्हणाला 1886 साली थिबा राजाच्या राजवाड्यासाठी बनवलेलं कपाट, नंतर वाड्यात आलं.

इथेच. इथेच मी फोन ठेवायला हवा होता. अहो, मी रत्नागिरीची. थिबा राजाला इंग्रजांनी 1886 मधे इथे नजरकैदेत आणलं हे खरं, पण राजवाडा पूर्ण झाला 1910 मधे, तोपर्यंत तो भाड्याच्या बंगल्यांत राहायचा, शाळेच्या सहलीत आम्हाला हे घोकून घेतलं होतं. राजवाडाच नव्हता तर त्याच्यासाठी कपाट कुठून येणार? मला हे माहीत होतं. ऐकताना क्षणभर खटकलंही. पण मनात कपाट आधीच भिंतीला लागलं होतं, मी म्हटलं असेल दहावीस वर्षं इकडेतिकडे.

जुलैत बघायला गेले. हायवेपासून आत पत्र्याचं गोडाऊन, बाहेर धो धो पाऊस, "लाईट गेलीय काकू" म्हणून मोबाईलच्या टॉर्चवर दाखवलं. पॉलिशचा वास होता. विचारलं तर म्हणाला जुन्याला हात मारावाच लागतो. बिजागरीला चार खाचांचा स्टार स्क्रू होता, मी बोट लावून बघितलाय तो! असले स्क्रू 1930 नंतर आले. हे मला आत्ता कळलंय, पण घरातल्या जुन्या दरवाजांना एकच सरळ खाच असते हे तर डोळ्यासमोरचं होतं ना. आणि किडीची भोकं, सगळी एका मापाची, सरळ आत गेलेली. ड्रिलने पाडलेली.

54,500 ला ठरलं. जागेवर 15,000, टेम्पोत चढवताना 24,500, घरी उतरल्यावर 15,000, तिन्ही वेळा वेगळा नंबर आणि यूपीआयवर वेगळंच नाव. नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका, समोरचा कितीही घाई करू दे. बिल मागितलं, "व्हॉट्सॅपवर पाठवतो." आजतागायत आलं नाही.

कपाट पुसून सगळं मांडलं. आठव्या दिवशी दार उघडलं तर आत भपकारा. पावसाळी हवेत ते पॉलिश वाळलंच नव्हतं. कूर्म अवताराचा राजा उचलायला गेले तर पत्ता हातात आला आणि रंगाचा पापुद्रा फळीवरच राहिला, मुकुट आणि अर्धा चेहरा. असे तीन पत्ते गेले. मी खाली बसले ती उठलेच नाही बराच वेळ.

आळीतले सुतारकाका आले, पाठीमागचा जुना कागद नखाने सोलला, आत प्लायवूड. फळीची कड तासली आणि म्हणाले, "वहिनी, हा साग नाही. आकेशियाच्या लाकडावर विनियर, म्हणजे पातळ पापुद्रा, मारलंय." जुन्या कामात सांध्यात कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) आणि लाकडी खुंटी असते, म्हणाले, ह्यात खिळेच. सुताराला आधी न्या हो. त्याला 500 रुपये द्या, पण न्या.

आता पुढचं ऐका. पोलीस स्टेशनला गेले तर "ताई, वस्तू मिळाली ना? मग सिव्हिल मॅटर आहे." सायबरवाले म्हणाले तुम्ही स्वतः जाऊन बघून घेतलंत, हे सायबर नाही. 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन केला तोपर्यंत बारा दिवस गेले होते, पैसे पुढे निघून गेले होते. पैसे गेल्या गेल्या फोन करा तिथे, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. बँकेत तर मॅनेजरने मान वर न करता "पिन तुम्हीच टाकलात" म्हणून सांगितलं. 1915 ह्या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नंबर मिळाला, त्यापुढे काही नाही. पुन्हा पोलीस स्टेशन, साहेब बंदोबस्तात. पुन्हा गेले, साहेब मीटिंगमधे. चौथ्या वेळी बाकावर दोन तास बसले, साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच द्यायला कुरकुर. 31 वर्षं टॅक्स भरलाय मी! खोटं बोलून माल विकणं हा गुन्हा नाही तर काय आहे? पूर्वीचं कलम 420, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318, हे मला भाच्याने सांगितलं, तिथल्या कोणाला सांगावंसं वाटलं नाही. पोलिसांनी एफआयआर नाकारला तर एसपींना पोस्टाने अर्ज पाठवता येतो, मी पाठवलाय. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि त्या गोडाऊनला आता कुलूप आहे. जाल तेव्हा माणसाचा, गाडीच्या नंबरचा, जागेचा फोटो काढाच. मला संकोच वाटला होता.

कपाट पडवीत आहे, ताडपत्री टाकून. पत्ते मलमलीत गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत. पत्ते देणारी सावंतवाडीची मैत्रीण गणपतीला येणार आहे, काल फोनवर म्हणाली, "कपाटात कसे दिसतायत गं पत्ते, फोटो पाठव की." अजून पाठवला नाही.