इनडोअर ट्रॅक, सात महिने : पावसातून सुटलो, सहाव्या हर्डलवर अडकलो (बडोदा)

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं आणि भाचीचं मैदान पुढे कितीतरी आठवडे चिखलात राहिलं. ती 100 मीटर हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत पळते, वय सोळा. पुढच्या वर्षी पुन्हा तसं नको म्हणून 2025 च्या जूनमध्ये शहराबाहेर, एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये सुरू झालेल्या इनडोअर ट्रॅकची मेंबरशिप घेतली. महिना 1,800 रुपये. आईला पटलं नाही. "पळायला पैसे? तुझे आजोबा जुम्मादादा व्यायाम मंदिरात मातीत घाम गाळायचे," हे अजून दर महिन्याच्या एक तारखेला ऐकतो.

इनडोअर म्हटल्यावर 200 मीटरचा, वळणावर आत कललेला ट्रॅक डोळ्यांपुढे येत असेल तर तो भुवनेश्वरला, कलिंगा संकुलात. इथे सरळ 60 मीटर, चार लेन आणि कोपऱ्यात लांब उडीचा खड्डा, बस. वळण नसल्याचं मला दुःख नाही. तसल्या छोट्या वळणांवर आतल्या लेनवाल्याचे हालच होतात. जागतिक इनडोअर स्पर्धेतली 200 मीटरची शर्यत 2004 नंतर त्यापायीच गेली.

पावसाळ्यात एकही दिवस बुडला नाही, हे कबूल. चौथी लेन मात्र गळते. तिथे बादली ठेवलेली असते. जुलैत तक्रार केली तेव्हा "थई जशे" (होऊन जाईल) म्हणाले, दसऱ्याला विचारलं तेव्हाही "थई जशे". जूनमध्ये पत्रा असा तापायचा की सकाळी आठनंतर आत उभं राहवत नव्हतं. सहाची वेळ मिळत असेल तरच नाव घाला.

मला सगळ्यात आवडलं ते वेळ मोजायचं यंत्र. पिस्तुलाच्या आवाजावर सुरू होतं. 60 मीटर हर्डल्सला माझ्या हातातल्या स्टॉपवॉचवर पोरगी 9.2 सेकंदांना यायची, यंत्रावर 9.47. दोन दिवस रुसली होती. आवाज ऐकून आपलं बोट दाबलं जाईपर्यंत ती पळत सुटलेली असते, हे तिला पटवायला वेळ लागला. शिवाय आत वारा नाही. गांधीनगरला 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ज्योती याराजी 100 मीटर हर्डल्स 12.79 सेकंदांत पळाली, पण पाठीमागचा वारा सेकंदाला 2.5 मीटर निघाला. मर्यादा 2 ची, त्यामुळे विक्रम धरला नाही. इथे ती भानगडच नाही. मंगळवारचा आकडा आणि शुक्रवारचा आकडा शेजारी ठेवून बघता येतो.

आता खरं दुखणं. अंतिम रेषेपुढे किमान 10 मीटर मोकळी जागा हवी, असं नियम सांगतो. इथे जेमतेम सात आहे आणि समोर भिंतीला गादी टांगलेली. पहिल्या आठवड्यात पोरगी त्या गादीवर दोनदा आपटली. नंतर आपटणं थांबलं आणि मी खूश झालो. तिथेच चुकलो. 60 मीटरमध्ये पाच हर्डल्स असतात, पाचवं 47 मीटरवर. ते ओलांडलं की भिंत दिसायला लागते, आणि तिने नकळत तिथूनच ब्रेक लावायची सवय करून घेतली होती.

ऑक्टोबरमध्ये उघड्या मैदानावर स्पर्धा होती. दहा हर्डल्स. पाचव्यापर्यंत पहिली होती. दोन हर्डल्सच्या मध्ये तीन पावलं पडायला हवीत, सहाव्याआधी तिची चार झाली, उलटा पाय पुढे आला आणि हर्डल गुडघ्याला लागलं. सहावी आली. "मामा, मी नाही थांबले, पाय थांबले," म्हणाली. कुंपणाबाहेरून ते मला आधीच दिसलं होतं. तीन महिने रेषेवर उभा राहून मी फक्त आकडा बघत होतो, पाय बघितलेच नव्हते.

तेव्हापासून आत फक्त स्टार्ट आणि पहिली तीन हर्डल्स. तिसरं 30 मीटरवर येतं, पुढे थांबायला भरपूर जागा उरते. पूर्ण दहा रविवारी पहाटे बाहेर. डिसेंबरच्या शर्यतीत सहाव्यावरून नीट गेली. आठवं पाडलं, पण ते दमल्यामुळे.

ट्रॅक काँक्रीटवर अंथरलेल्या रबरी मॅटचा आहे, 8 मिलिमीटर. बाहेरचा सिंथेटिक साधारण 13 असतो. सप्टेंबरमध्ये दोन्ही नडग्या दुखायला लागल्या, तेव्हा आठवड्याचे चार दिवस दोनवर आणले. नंतर त्रास नाही. स्पाइक्स बुटांचे खिळे 6 मिलिमीटरचेच चालतात, लांब असतील तर दारातून परत पाठवतात. बायकांच्या चेंजिंग रूमला आतून कडी नव्हती, ती मात्र सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी लागली.

लांब अंतर पळणाऱ्याने इथे पैसे घालू नयेत. स्प्रिंट, हर्डल्स, लांब उडीवाल्यांनी जून ते सप्टेंबर जरूर यावं. आम्ही सध्या मेंबरशिप थांबवली आहे, जूनमध्ये परत घेऊ. चौथी लेन सोडून.