बॉडी लँग्वेज आणि कम्युनिकेशनच्या ऑनलाइन टेस्ट: कुठली द्यायची, कुठली सोडून द्यायची

आधीच सांगते, फोनवर 'बॉडी लँग्वेज टेस्ट' टाकलं की जी रांग लागते ना, त्यातल्या टेस्ट एका जातीच्या नसतातच. एक बघते तुम्हाला समोरच्याचा चेहरा वाचता येतो का. दुसरी तुम्हालाच तुमच्याबद्दल विचारते आणि तुम्ही सांगाल त्याचेच मार्क देते. तिसरी खरंच बोलायला लावते. आणि उरलेल्या सगळ्या टाइमपास, बस कदंब स्टँडवरून सुटेपर्यंत करायच्या. नाव सगळ्यांचं एकच, त्यामुळे गोंधळ होतो.

माझ्या भाचीचा झाला तसा. डिचोलीला असते, हॉटेल मॅनेजमेंट संपलं, फ्रंट ऑफिसचे, म्हणजे हॉटेलच्या रिसेप्शनचे, इंटरव्ह्यू देतेय. मी स्वतः पणजीत फ्रंट ऑफिसमध्येच चौदा वर्षं काढली, म्हणून सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. तिने कुठलीतरी दहा प्रश्नांची क्विझ दिली, ९२ टक्के आले, 'तुम्ही जन्मजात लीडर आहात' असं लिहून आलं, स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर पडला, आजीने देवाला साखर ठेवली. आणि आठवड्याने इंटरव्ह्यूत ही बाई पूर्ण वेळ टेबलावरच्या पेपरवेटशी बोलत बसली. मग फोन, "मावशी, खरी टेस्ट कुठली गो?" म्हणून मी एकेक करून बसले. त्यातलं हे.

चेहरे वाचायच्या टेस्ट

ह्यातली सगळ्यात नावाजलेली म्हणजे केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन ह्यांची डोळ्यांवरून मन ओळखायची टेस्ट. पहिली १९९७ ची, आता जी फिरते ती २००१ ला सुधारलेली. ३६ फोटो, फोटोत फक्त डोळ्यांची पट्टी, काळीपांढरी, आणि खाली चार शब्द, त्यातला एक निवडायचा. डोळे मिटून ठोकत गेलात तरी ९ च्या आसपास येतातच, आणि साध्या मोठ्या माणसांची सरासरी २६ च्या जवळ. ही टेस्ट मुळात ऑटिझमवरच्या संशोधनासाठी केलेली, नोकरीसाठी नाही, हे लक्षात ठेवा.

मला पहिल्यांदा २२ आले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, चौदा वर्षं लोकांचे डोळेच बघत आले. मग चुकलेले परत बघितले तर कळलं की डोळे नाही चुकले, इंग्लिश चुकलं. अघास्ट, पेन्सिव्ह, डिस्पॉन्डंट असले शब्द. पेन्सिव्ह म्हणजे विचारात हरवलेला, हे माहीतच नसेल तर फोटो कितीही बघा. टेस्टबरोबर शब्दांच्या अर्थांची यादी असते, ती उघडून बसले तेव्हा २७ आले. (एकदा बघितलेले फोटो दुसऱ्यांदा सोपे जातात, तेही आहेच.) आमच्या बेल डेस्कला, म्हणजे गेस्टचं सामान उचलणाऱ्यांत, एक काका होते, दहावी नापास, पहाटे चार वाजता टॅक्सीचं दार उघडायच्या आत सांगायचे की ह्या गेस्टशी आता कोणी बोलू नका, नुसती चावी द्या. ते ह्या टेस्टमध्ये सपशेल पडले असते.

तिच्या बाजूला अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या ग्रेटर गुड सायन्स सेंटरची फुकट क्विझ ठेवून बघा. २० फोटो, पूर्ण चेहरा, आणि प्रत्येक उत्तरानंतर ती समजावून सांगते की बघा, भुवया अशा आहेत, ओठ असे दाबलेत, म्हणून ही लाज आहे. शिकायचं असेल तर हीच बरी, कारण डोळ्यांच्या टेस्टमध्ये आकडा मिळतो पण चुकलं का ते कळत नाही. माझं मत विचाराल तर दोन्हीतली एकच द्यायची असली तर ही.

बीबीसीची खोटं हसू ओळखायची पण एक आहे, २० छोट्या क्लिप. खरं हसू असलं की डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो, हे ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलं, म्हणून त्या हसूला त्याचंच नाव. मला १३. आमचा धंदाच खोट्या हसण्याचा, तरी १३.

पण ह्या सगळ्याच टेस्टची एक गोष्ट खटकते. चेहरा बघून भावना सांगता येते, आणि ती जगभर सारखीच, हे पॉल एकमन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं, त्यावर पुष्कळ टेस्ट उभ्या आहेत. २०१९ ला लिसा फेल्डमन बॅरेट आणि बाकीच्या संशोधकांनी सगळा अभ्यास चाळून सांगितलं की एवढं सरळ नाही, राग आला म्हणून प्रत्येक जण कपाळाला आठ्या घालतोच असं नाही. आणि आपल्याकडचं तर त्यात काहीच नसतं. आपण मान डावीउजवी हलवतो ती. गेस्ट विचारतो ब्रेकफास्ट धरलाय का रेटमध्ये, आमचा फोंड्याचा पोरगा गोड मान हलवतो, गेस्ट परत विचारतो, हा परत हलवतो, तिसऱ्यांदा गेस्टचा आवाज चढतो आणि पोराला कळतच नाही आपण काय केलं. किंवा मोठ्या माणसासमोर नजर खाली ठेवायची, हे घरात शिकवलेलं. तिथल्या टेस्टमध्ये नजर खाली म्हणजे कॉन्फिडन्स नाही किंवा काहीतरी लपवतोय. त्यामुळे आकडा कमी आला म्हणून कोणी हाय खाऊ नका.

'खोटं पकडा' वाल्या टेस्ट सरळ सोडा. बॉन्ड आणि डीपॉलो ह्या संशोधकांनी २००६ ला शेकडो प्रयोग एकत्र करून बघितलं, माणूस खोटं बोलतोय का हे लोकांना सरासरी ५४ टक्के वेळा ओळखता येतं. नाणं उडवलं तर ५०. आणि ज्या टेस्टच्या पहिल्या पानावर 'कम्युनिकेशनमधलं ९३ टक्के शब्दांशिवाय असतं' लिहिलेलं असेल ती तिथेच बंद करा. मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञांचे १९६७ चे प्रयोग होते, त्यात एकेकटा शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो, आणि प्रश्न एवढाच की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही. त्यावरून शब्द ७, सूर ३८, चेहरा ५५ टक्के असे आकडे आले, शेवटच्या दोन्हींचे मिळून ९३, आणि लोकांनी ते सगळ्या बोलण्याला चिकटवले. खरंच ९३ टक्के शब्दांशिवाय कळत असतं तर मला इतकी वर्षं रशियन गेस्टशी बोलताना घाम फुटला नसता.

स्वतःबद्दल सांगायच्या टेस्ट

इथे मला एक खरंच कामाची सापडली. जेम्स मॅक्रॉस्की नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांची, पीआरसीए-२४ म्हणतात, बोलायची भीती मोजते. २४ वाक्यं, प्रत्येकाला १ ते ५ मध्ये किती पटतं ते द्यायचं, दहा मिनिटं पण लागत नाहीत, पैसे नाहीत. बेरीज २४ ते १२० च्या मध्ये येते, ८० च्या वर म्हणजे भीती जास्त, ५१ च्या खाली म्हणजे कमी. पण मजा एकूण बेरजेत नाहीये. तिचे चार भाग पडतात, गटात बोलणं, मीटिंगमध्ये, समोरासमोर एकाशी, आणि भाषण, प्रत्येकाचे ६ ते ३० मार्क.

भाचीचे आले गट ११, मीटिंग १५, समोरासमोर १२, भाषण २६. एकूण ६४, म्हणजे काहीच बिघडलेलं नाही असं वाटेल. पण ते २६ बघा. ही पोरगी एका माणसाशी मस्त बोलते, इंटरव्ह्यूत तीन जण ओळीने बसले आणि 'स्वतःबद्दल सांगा' म्हणाले की तिच्यासाठी ते भाषण होतं. ९२ टक्केवाल्या क्विझने हे सांगितलं असतं का? तोटा एकच, तुम्ही खोटं भरलंत तर टेस्टला कळायची सोय नाही, आणि सर्टिफिकेट वगैरे काही मिळत नाही, सीव्हीत लिहायला उपयोग शून्य.

बाकीच्या 'तुमची कम्युनिकेशन स्टाइल ओळखा' वाल्या टेस्ट तुम्ही राशिभविष्यासारख्या वाचा. १९४८ ला बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकांनी वर्गातल्या ३९ मुलांना टेस्ट दिली आणि नंतर सगळ्यांच्या हातात एकच मजकूर दिला, ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. किती बरोबर वाटतं विचारलं तर सरासरी ५ पैकी ४.२६. 'तुम्ही बाहेरून शांत पण आतून हळवे' हे कोणाला पटणार नाही, सांगा? वर त्यातली एक फुकट म्हणून मी दिली, चाळीस प्रश्न झाल्यावर रिझल्टसाठी मोबाइल नंबर मागितला, मूर्खासारखा दिला, आणि पुढचे दोन आठवडे पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट क्लासवाल्यांचे फोन. गणपतीत सुद्धा, आरती चालू असताना. नंबर द्यायचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

खरंच बोलायला लावणाऱ्या

इथे पैसे आणि डोकं दोन्ही लागतं, आणि इथे चूक महाग पडते, म्हणून जरा थांबून बघा.

बोटीवर जायचंय? मग बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी एजंटला विचारा मार्लिन्स लागते का. दर्यावर काम करणाऱ्यांसाठीची इंग्लिशची टेस्ट आहे ही, क्रूझवाले पुष्कळदा हीच मागतात. गोव्यात घराघरात एक तरी तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा, असतो, त्यालाच विचारा, तो मला काय तुम्हाला काय, सगळ्यांपेक्षा जास्त सांगेल. आमच्या शेजारच्या मुलाने आधी बाहेर शिकायला जाणाऱ्यांची महागडी परीक्षा दिली, छान मार्क आले, आणि एजंट म्हणाला हे ठेव घरी, मला मार्लिन्सचा कागद आण.

कॉल सेंटर किंवा कस्टमर सपोर्टला जाणार असाल तर व्हर्संटसारखी मशीनवाली टेस्ट येते. वाक्य ऐकून तसंच परत म्हणायचं, छोट्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर, गोष्ट ऐकून सांगायची. ही स्वतःच्या पैशाने द्यायला जाऊ नका, कंपनीच लिंक पाठवते. मशीनला तुमचं हसू दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत, फक्त आवाज. जूनमध्ये पत्र्याच्या छपराखाली बसून देऊ नका एवढं सांगते.

आयल्ट्स आणि ड्युओलिंगो ह्या बाहेर शिकायला जाणाऱ्यांच्या इंग्लिशच्या परीक्षा, त्यांची तुलना सगळे विचारतात. आयल्ट्सच्या स्पीकिंगमध्ये समोर खरा माणूस असतो, ११ ते १४ मिनिटं, तीन भाग. ड्युओलिंगो घरी बसून, तासाभरात सगळं, दोन दिवसांत रिझल्ट, आणि पैशाने आयल्ट्सच्या निम्म्याहूनही कमी. दोन्हीचे मार्क दोन वर्षं चालतात. पण ड्युओलिंगोत कॅमेरा तुमच्यावर रोखलेला, स्क्रीनवरून नजर हलली की शंका, कानात काही घालायचं नाही, आणि मध्येच नेट गेलं की बोंबला. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की लाइट जाते हे वेगळं सांगायला नको. गंमत म्हणजे दोन्हीत बॉडी लँग्वेजला मार्कच नाहीत. आयल्ट्सवाला ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चार बघतो, तुम्ही हात बांधून बसलात की सोडून, त्याचा हिशेब नाही. आणि पणजीतल्या रिसेप्शनसाठी ह्या दोन्हींची काही गरज नाही, बाहेर शिकायला जायचं असेल तरच बघा.

सीव्हीत एक ओळ हवी असेल तर एनपीटीईएलचे सॉफ्ट स्किल्सचे ऑनलाइन कोर्स बघा, आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात. शिकणं फुकट, परीक्षेला १००० रुपये आणि ती सेंटरवर जाऊन द्यायची. असाइनमेंटचे २५ टक्के, परीक्षेचे ७५. टेस्ट म्हणून नाही, पण दोनतीन महिने नीट बसायला लावतात.

आणि व्हिडिओ इंटरव्ह्यूची भीती घालणारे असतात ना, 'एआय तुमचा चेहरा मोजतो, भुवया हलवू नका' वगैरे? त्यातली मोठी कंपनी हायरव्ह्यू, तिने चेहऱ्याचं विश्लेषण बंद केल्याचं जानेवारी २०२१ मध्येच जाहीर केलं. तेवढ्यासाठी पैसे भरून कोणाची ट्रेनिंग टेस्ट घेऊ नका.

मग भाचीचं काय केलं

तिला म्हटलं, पीआरसीए दिलीस ना, झालं, आता फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेव आणि दोन मिनिटं स्वतःबद्दल बोल. मग आधी आवाज बंद करून बघ, नंतर स्क्रीन पालथी घालून नुसतं ऐक. आवाज बंद केल्यावर तिला दिसलं की दर वाक्याला ती कानातलं चाचपते. ऐकताना कळलं की प्रत्येक वाक्याचा शेवट गिळते. दुसऱ्या रविवारी घरातले तीन जण ओळीने खुर्च्यांवर बसवले, आजी मध्ये. तिचा बाबा जत्रेतल्या नाटकात कामं करायचा, तो आपला एकच सांगत होता, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे, आणि आजी म्हणाली मी पहिल्या रांगेत आहे तरी ऐकू येत नाही.

पुढचा इंटरव्ह्यू पर्वरीला आहे, शुक्रवारी. कानातलं घालायचं नाही असं ठरलंय.