विश्रामबागच्या व्हिसावाल्या मॅडम: यूकेचा स्पाउस (नवरा-बायकोचा) व्हिसा करायचा असेल तर आधी इथं जा

सांगलीत विश्रामबागला एक मॅडम फॅमिली व्हिसाची कागदं बघतात, त्यांच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. त्यांच्याकडे आधीच गेले असते तर आमचं एक वर्ष वाचलं असतं.

ह्यांना इंग्लंडात लेस्टरला आयएलआर, म्हणजे तिथं कायमचं राहायची परवानगी मिळालीय, आमचं लग्न डिसेंबर २०२३ ला झालं. पहिली फाईल दुसऱ्या एका एजंटनं मे २०२४ ला भरली. तो म्हणाला नवऱ्याला वर्षाला १८,६०० पौंड पगार असला की झालं, ह्यांचा तर २६,००० आहे, डोळे झाकून होईल. पण ११ एप्रिल २०२४ पासूनच ती अट २९,००० झालेली, आणि त्याला पत्ताच नाही! रिजेक्ट झालं. हेल्थ सरचार्जचे (तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी आधीच भरायचे) ३,१०५ पौंड परत आले पण व्हिसा फीचे १,८४६ पौंड गेले ते गेलेच, मी दोन दिवस जेवले नाही. वर तोच परत फोन करून म्हणतोय आता ३८,७०० होणार, लगेच दुसरी फाईल टाका.

तेव्हा शेजारच्या काकूंनी ह्या मॅडमचं नाव सांगितलं. मॅडमनी काय केलं, लॅपटॉप आमच्याकडे फिरवला आणि ब्रिटिश सरकारचं पानच उघडून एकेक ओळ मराठीत सांगितली. ३८,७०० ची घोषणा झालेली पण जुलै २०२४ ला तिथलं सरकार बदलल्यावर वाढ थांबवलीय, आज अट २९,००० चीच आहे. पप्पा मिरजेकडचा प्लॉट विकायला निघाले होते, त्यांनाही थांबवलं, कारण नुसत्या बचतीवर करायचं तर ८८,५०० पौंड लागतात, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं ९०-९५ लाख रुपये, आणि तेही सहा महिने खात्यात पडून पाहिजेत. मग म्हणाल्या, "ताई, आत्ता फाईल टाकूच नका, आणि माझी फी पण आत्ता देऊ नका."

ऑक्टोबरपासून ह्यांचा पगार २९,५०० झाला, पण सहा महिन्यांतला सगळ्यात कमी पगार धरतात म्हणून मार्चच्या स्लिपपर्यंत थांबलो. त्या दिवशी मॅडमनी सहा पगार स्लिपा आणि बँक स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवून पट्टी धरून एकेक आकडा पेन्सिलीनं टिक केला. जानेवारीत ४० पौंड जास्त जमा दिसले, ते प्रवासखर्चाचे होते, तर तेवढ्यासाठी कंपनीकडून वेगळं पत्र मागवायला लावलं. माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, त्याचाही खुलासा जोडला. ९ एप्रिल २०२५ पासून व्हिसाची फी १,९३८ पौंड होणार हे त्यांनीच सांगितलेलं, म्हणून ४ तारखेला भरून टाकलं. व्हिसाला लागणाऱ्या टीबी टेस्टचं सर्टिफिकेट सहा महिनेच चालतं म्हणून ती पण आधी करू दिली नव्हती. बायोमेट्रिकला पुण्याला जावं लागतं, ते इथं होत नाही.

त्रास सांगायचा तर ऑफिस फक्त संध्याकाळी ४ ते ७, जिना अरुंद, सासूबाईंना गुडघ्यामुळं फार जड गेला, फोन उचलत नाहीत, मेसेज टाकला तर रात्री उत्तर येतं. स्वतःची फी ८,००० रुपये घेतली, लगेच पावती दिली. व्हिसा मिळेलच असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, आईला त्याचीच काळजी वाटायची, मला मात्र त्यामुळंच विश्वास बसला.

जूनच्या शेवटी व्हिसा आला. पेढे घेऊन गेले तर टेबलावर दुसऱ्या कुणाच्या तरी सहा स्लिपा पसरलेल्या, पट्टी तशीच. पुढच्या आठवड्यात निघतेय.