कॅलिपरचा पिस्टन काढायला हवा बरी की पेडल?

डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पिस्टनच्या जोराने पॅड डिस्कवर दाबणारा चाकाजवळचा भाग, खोलून साफ करायचं ठरलंय, रबर किट आणून ठेवलंय आणि आता पिस्टन बाहेर कसा काढायचा यावर घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोडीवर टेकवायची, बाकीची चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना उटी लावायची, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

गॅरेजमध्ये सर्रास कॉम्प्रेसरची हवा कॅलिपरच्या ऑइलच्या भोकातून देऊन पिस्टन ढकलतात, आणि ते समजण्यासारखं आहे. कॅलिपर सोडवून टेबलावर घेता येतो, दुसरा माणूस लागत नाही. पिस्टन मोकळा असेल तर थोड्याशा हवेत बाहेर येतो. मीही आधी हवाच वापरायचो.

अडचण होते ती जाम पिस्टनची. वरचा रबरी बूट फाटला की पावसाळ्यात पाणी आत शिरतं आणि पिस्टनला गंज धरतो. किनाऱ्याजवळच्या गाड्यांत तर हमखास. अशा पिस्टनला थोडी हवा दिली तर हलत नाही. आणखी दिली तरी ढिम्म. मग गन धरून दाब वाढवत राहायचं आणि वाट बघायची. पिस्टनचा व्यास 54 मिमी धरला तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे 23 चौरस सेंटिमीटर भरतं. म्हणजे टायरमध्ये असते तेवढ्या, चौरस सेंटिमीटरला 2 किलोच्या दाबानेही त्याच्यावर 45 किलोंचा जोर येतो. 7 किलोला तोच 160 च्या घरात जातो. शिवाय दाबलेली हवा पिस्टन सुटल्यावरही फुगत त्याला ढकलत राहते, त्यामुळे तो गोळीसारखा उडतो आणि मागोमाग ब्रेक ऑइलचा फवारा. समोर लाकडी ठोकळा, डोळ्यांना चष्मा, बोटं लांब, सगळं सांभाळूनही तो नेमका कधी सुटणार हे कळत नाही. ही ताटकळ मला नकोशी झाली. हवेची पद्धत सोडायचं माझं कारण एवढंच.

पेडलच्या पद्धतीत कॅलिपरला ब्रेक ऑइल पोचवणारा होज काढायचा नाही. पॅड काढून कॅलिपर तारेने टांगायचा, पिस्टनपुढे फळी ठेवायची आणि इंजिन बंद ठेवून पेडल हळूहळू दाबायचं. मी धाकट्या भावाला आत बसवतो आणि ‘दाब’ म्हटल्याशिवाय दाबायचं नाही असं बजावतो. ऑइल हवेसारखं आकसत नाही, म्हणून पिस्टन प्रत्येक दाबाला थोडाथोडा सरकतो आणि सुटला की जोर तिथेच संपतो. बोटं इथेही लांबच हवीत, पण काय घडतंय ते दिसत असतं. आणि जाम पिस्टन हलवायला पेडलचा दाब कॉम्प्रेसरपेक्षा कितीतरी जास्त मिळतो.

सांडलवंड मात्र होते. खाली ट्रे लागतो, आणि ऑइल रंगावर पडलं तर लगेच पाण्याने धुवावं लागतं. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. पेडल तळाला गेलं तर मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणाऱ्या पंपाची, रबरं एरवी न वापरल्या जाणाऱ्या, खरखरीत भागावर घासतात. वरची ऑइलची डबी रिकामी होऊ देऊ नका, एबीएस असेल तर मुळीच नको. ऑइलच्या नळ्यांत शिरलेली एअर तर दोन्ही पद्धतींत काढावी लागतेच. कॅलिपरला दोन पिस्टन असतील तर आधी सुटणारा क्लॅम्पने धरून ठेवा. हँडब्रेक ज्यात आहे तो मागचा कॅलिपर या तुलनेत येत नाही. त्यातला पिस्टन बहुतेक गाड्यांत फिरवून काढतात.

धुताना पेट्रोल, डिझेल, रॉकेल नको. त्यांनी ब्रेकची रबरं फुगतात. ब्रेक क्लीनरने धुवा, जोडताना नवं ब्रेक ऑइल लावा.

तुमचे पिस्टन मोकळे असतील आणि हाताशी कॉम्प्रेसर असेल तर हवेचं काम झटपट होईल, हे मान्य. पण मुळात कॅलिपर खोलायची वेळ येते ती बहुधा पिस्टन अडकल्यामुळेच, म्हणून मी पेडलकडे झुकतो. कॅलिपर आधीच गाडीवरून उतरवला असेल तर हवेवाचून इलाज नाही. तेव्हा दाब अगदी कमीपासून सुरू करा आणि फळी इतकी जाड घ्या की पिस्टन पूर्ण बाहेर पडायच्या आधीच तिला टेकेल. उरलेला हाताने निघतो.