बुंडेसलिगा: अख्खा एक सीझन बघितल्यावर

मॅच दाखवणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी न विचारता पुढच्या वर्षाचे पैसे कापले, म्हणून लिहायला बसलो. चॅटवर ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढंच परत परत येतं, रिफंड काही येत नाही. नाव घेत नाही, फुकट जाहिरात कशाला! पण ज्यासाठी अ‍ॅप घेतलं त्या बुंडेसलिगाचा, म्हणजे जर्मनीतल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगचा, २०२४-२५ चा सीझन पुरता वसूल केलाय, त्याबद्दल सांगतो.

१८ टीम, ३४ राउंड वगैरे तुम्हाला माहीत असेलच. माझा मुद्दा वेळेचा आहे. शनिवारी जर्मनीत दुपारी साडेतीनला बहुतेक मॅच एकदम सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सात. नऊच्या आत निकाल, नऊला पानावर. चॅम्पियन्स लीगसाठी, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेसाठी, रात्री साडेबारा-दीडला उठून बसणाऱ्यांना माझा नमस्कार. कोथरूडमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि आईची खोली यांच्यात एक पातळ दार आहे, दीड वाजता गोल झाला तर उशी तोंडात धरावी लागते. सातला मात्र खुशाल ओरडा, शेजारच्या कुकरच्या शिट्टीत खपून जातं.

आणि मग ऑक्टोबरचा शेवटचा रविवार येतो. जर्मन मंडळी घड्याळ तासभर मागे घेतात आणि सातची मॅच आठला जाते, ती थेट मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत. तासाने काय बिघडतं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे यावं. हाफ टाइम पावणेनऊला, तेव्हाच जेवायची हाक. सेकंड हाफ ताट मांडीवर घेऊन, आणि आमटी सोफ्यावर सांडली की बोलणी मला. नोव्हेंबर ते मार्च अडीच स्टार, बाकीचे महिने साडेचार.

दुसरी तक्रार होती निकाल ठरलेला असण्याची. २०१३ ते २०२३ सलग ११ वेळा चॅम्पियन बायर्न म्युनिक. २०२४ मध्ये लेव्हरकुसेनने लीगची एकही मॅच न हरता साखळी तोडली, म्हटलं आता रंगत येणार, तर २०२५ ला परत बायर्न! बायर्नचा इंग्लिश स्ट्रायकर हॅरी केनला कारकिर्दीतली पहिली मोठी ट्रॉफी मिळाली तीसुद्धा त्या दिवशी मैदानात न उतरता, फ्रायबुर्गला पाठलागावरचं लेव्हरकुसेन २-२ मध्ये अडकलं म्हणून. मी तर फेब्रुवारीतच कंटाळलो होतो.

जर्मन शिकणारी भाची म्हणाली, “मामा, टेबल खालून वाच की.” वाचलं, आणि माझं मतच फिरलं. शेवटचे दोन थेट खालच्या डिव्हिजनमध्ये जातात, सोळाव्याला मात्र खालच्या डिव्हिजनमधल्या तिसऱ्याशी दोन मॅच खेळून जागा राखावी लागते. या सीझनला तिथे होतं हायडेनहाइम, पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, आणि समोर एल्व्हर्सबर्ग, ते तर त्याहून चिमुकलं. पहिली मॅच २-२. दुसरी सोमवारी, आपल्याकडे मध्यरात्री बाराला. दहाला झोपणारा मी टीव्ही म्यूट करून बसलो. १-१, दोन्ही मॅच मिळून बरोबरी, एक्स्ट्रा टाइम होणार असं वाटत असतानाच स्क्रीनवर ते बफरिंगचं चक्र फिरायला लागलं. ९५ व्या मिनिटाला हायडेनहाइमने गोल मारून जागा वाचवली, हे मला भाचीच्या मेसेजवरून कळलं. वर्षाचे पैसे याच एका मिनिटासाठी भरले होते ना?

तिथला ५०+१ चा नियमही मला पटला. काही जुने अपवाद सोडले तर क्लबमध्ये बहुमत सभासदांचं, त्यामुळे कोणी पैसेवाला येऊन टीम सहजासहजी उचलून नेऊ शकत नाही. आपली एफसी पुणे सिटी आठवते? बालेवाडीला आम्ही घसा फोडायचो. २०१९ मध्ये टीम बंद, आयएसएल या आपल्याकडच्या लीगमधली जागा हैदराबादला. आपल्याला कोणी विचारलं होतं?

२०२५-२६ च्या सीझनला हॅम्बुर्ग खालच्या डिव्हिजनमधून परत आलं, २०१८ नंतर पहिल्यांदाच, त्यामुळे बघायला हरकत नाही. फक्त वर्षाचा प्लॅन घेऊ नका. ऑगस्ट ते ऑक्टोबर महिन्याचा घ्या, मग बंद करा, आणि एप्रिल-मेला परत सुरू करा. ऑटो-पेमेंट मात्र पहिल्याच दिवशी बंद.