सहा तासांची पाळी की समुपदेशन?

महासाथीत अपघात विभागातील परिचारिकांचा ताण हलका करण्यासाठी, तुटपुंज्या निधीतून पाळ्या आखडाव्यात की समुपदेशक नेमावा, असा पेच एका परिसेविकाबाईंनी माझ्यापुढे मांडला.

खर्चाच्या दृष्टीने समुपदेशन स्वस्त. आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार लावायच्या, तर माणसे वाढवावी लागतात. परिणामाचे गणित मात्र उलटे आहे. २०२० मध्ये पीपीई किट घातलेल्या सिस्टरला ते उतरवेपर्यंत ना पाणी पिता येई, ना लघवीला जाता येई. उतरवल्यावर नाकावर मास्कचा वळ आणि हातमोज्यांत सुरकुतलेली बोटे दिसत. हा शीण बोलून उतरत नाही, तास घटल्यानेच उतरतो. शिवाय समुपदेशन पाळीनंतर ठेवले, तर थकलेली बाई घरीच जाणार, आणि तिला दोष कसा द्यावा?

तरीही डोळ्यांदेखत गेलेला रुग्ण आणि घरच्यांना संसर्ग होण्याची धास्ती यांवर छोटी पाळी पुरत नाही; तिथे ऐकलेले स्वतःपाशीच ठेवणारा समुपदेशक हवा.

म्हणून जिथे मनुष्यबळ मिळू शकते, त्या विभागाने आधी पाळ्या आखडाव्यात. जिथे भरती अशक्य आहे किंवा लागोपाठ मृत्यू पाहावे लागत आहेत, तिथे समुपदेशन निवडावे, पण ते ड्युटीच्या वेळेतच.