लंडनचा व्हॉलंटियरिंग डे: कॅनॉलला पाच स्टार, एजन्सीला दोन

नागपूरच्या मिहानमधल्या ऑफिसातून आम्ही सहा जण दोन आठवडे लंडनला ऑनसाइट होतो. तिथल्या ऑफिसने एक अख्खा शुक्रवार व्हॉलंटियरिंगसाठी ठेवलेला, सकाळी रीजंट्स कॅनॉलची सफाई आणि दुपारी 'कल्चर' म्हणून कॅमडेन मार्केटची टूर, सगळं एका एजन्सीकडे दिलेलं. इथून अजून बरेच जण जाऊन राहिले म्हणून लिहितो.

सफाई एक नंबर. कॅमडेन लॉकपासून काठाकाठाने चालायचं, हातात लांब चिमटा आणि पिशवी. हा कॅनॉल 1820 मध्ये पूर्ण झाला, तेव्हा बोटी घोडे ओढायचे, त्या घोड्यांसाठी केलेल्या वाटेवर आता लोक जॉगिंग करतात न् आम्ही चिप्सची पाकिटं वेचत होतो. पाणी लॉकच्या दारांमध्ये अडलेलं असते त्यामुळे सगळं प्लास्टिक तिथंच गोळा होते, दोन तासात माझ्या चार पिशव्या भरल्या. आमच्यातला एक जण म्हणे, नाग नदीला असा चिमटा पुरणार नाही बे, तिथं जेसीबीच पाहिजे. हसलो सगळे, पण खोटं नाही ना ते. तिथं शहरभरातलं सांडपाणीच येऊन राहिलं.

आता एजन्सी. साइज आधी मेलवर मागवले होते, तरी गमबूट सगळे अकरा नंबरचे! मला आठ लागतात, मी आपल्याच बुटात उतरलो आणि चिखलाने पार वाट लागली. जेवण म्हणजे एक थंडगार सँडविच. आणि दुपारची टूर म्हणजे गाइड चाळीस मिनिटं भरभर चालला न् शेवटी टी-शर्टच्या दुकानासमोर म्हणे फ्री टाइम. याला कल्चर म्हणते का कोणी?

आणि खरी जागा तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर, पण त्यांच्या कागदावर नावच नाही! 10, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब 1921-22 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकत असताना इथं राहायचे, 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने घर विकत घेतलं, आता स्मारक आहे. चॉक फार्म स्टेशनपासून तर अजूनच जवळ. बाहेरून बाजूच्या घरांसारखंच दिसते, भिंतीवरची निळी गोल पाटी बघा नाहीतर पुढे निघून जाल. रुपयाच्या प्रश्नावरचा ज्यांचा प्रबंध अजून वाचतात ते इथून पायऱ्या उतरून लायब्ररीत जात असतील, असं काहीतरी डोक्यात आलं न् मी गेटपाशीच थांबलो दोन मिनिटं.

आमची आजी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होती. घरी दरवर्षी दसऱ्याला बाहेरगावच्या लोकांसाठी पोळ्या-भाजीचे डबे भरतो, त्याला व्हॉलंटियरिंग म्हणतात हे मला नोकरी लागल्यावर समजलं.

आईला व्हिडिओ कॉल लावला. पाटी दाखवली, दार दाखवलं, ती काहीच बोलेना, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग मी पायरीवर पाय ठेवला तसा आवाज आला, "काहून रे, तसल्या चिखलाच्या बुटांनीच शिरतो का आत? काढ आधी."

काढले. लंडनच्या थंडीत मोज्यांवर फिरलो पूर्ण घर.